माशाचा कांटा आणि तराजूचा कांटा



मासे गळाला लावण्याच्या सामन्यांवर बोलण्यासाठीं एका निवृत्त शाळामास्तराला पाचारण व्हावें, ही प्रथम मला थट्टाच वाटली. माझें आजोळ रत्नागिरी जिल्ह्यांतल्या एका खाडीच्या कांठीं. तेथें लहानपणीं कळकाच्या काठीला गरी बांधून मीं पुष्कळ दुपारी व्यर्थ घालविल्या आणि आजीचीं बोलणीं खाल्लीं, एवढाच या विषयांतला माझा अधिकार. परंतु माझी कन्या अमेरिकेंत ओहायो राज्यांत, ईरी सरोवराच्या जवळ राहते. तिच्याकडे एका उन्हाळ्यांत माझा चार महिने मुक्काम झाला, आणि तिच्या शेजारच्या एका सद्गृहस्थांच्या कृपेनें, ज्या खेळाची आपल्याकडे फारशी कोणाला वार्ताहि नाहीं, तो मला थोडा जवळून पाहावयास मिळाला. हे गृहस्थ माझ्याच वयाचे, टपालखात्यांतून निवृत्त झालेले. नांव घेतलेलें त्यांना आवडणार नाहीं, म्हणून आपण त्यांना नुसतें टपालवाले म्हणूं.

ज्या माशासाठीं हा सारा खटाटोप, त्याचें नांव वॉलआय. हा गोड्या पाण्यांतला मासा. कॅनडा आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा उत्तरेकडील भाग हें त्याचें मूळचें घर. अंगाचा रंग हिरवट, त्यावर सोनेरी झांक, पोट पांढरें, आणि जबड्यांत सुळ्यांसारखे तीक्ष्ण दांत. पण पाहणाऱ्याचें लक्ष प्रथम जातें तें त्याच्या डोळ्यांकडे. ते मोठे, धुरकट कांचेच्या गोळ्यांसारखे असतात, आणि त्यांवरूनच माशाला हें नांव पडलें. डोळ्याच्या आंतल्या पडद्यामागें प्रकाश परतविणारा एक थर असतो. मांजराचा डोळा अंधारांत चमकतो तो अशाच थरामुळें. सांजवेळीं इतर लहान माशांना दिसेनासें होतें तेव्हां वॉलआयला चांगलें दिसतें, आणि त्याची शिकार सुरू होते. म्हणून त्याच्या मागें लागणारीं माणसें पहाटे किंवा सूर्यास्ताच्या सुमारास निघतात. दिवसा निघावयाचें तर वाऱ्यानें पाणी थोडें हालतें असावें अशी इच्छा करतात, कारण लाटांनीं उजेड फुटतो आणि मासा भीड सोडून खाऊं लागतो. अशा लाटांना तिकडे 'वॉलआयची लाट' असेंच म्हणतात. वारा पडावा म्हणून नवस करणारे दर्यावर्दी मीं आजोळीं पाहिले होते. वारा उठावा म्हणून तळमळणारे प्रथम येथेंच पाहिले.

या डोळ्यांचें गुपित सामनेवाल्यांनीं शोधून काढलें असें मात्र नव्हे. त्या प्रदेशांतले मूळचे रहिवासी जे ओजिब्वे लोक, ते या माशाला 'ओगा' म्हणतात. वसंत ऋतूंत तो अंडीं घालण्यासाठीं उथळ पाण्यांत येतो. त्या रात्रीं हे लोक नावेंत मशाल पेटवून जात आणि डोळे लकाकले कीं भाल्यानें मासा टिपीत. विस्कॉन्सिन राज्यांतल्या एका ठिकाणाला फ्रेंचांनीं 'लाक दु फ्लाँबो', म्हणजे मशालीचें सरोवर, असें नांव दिलें तें यावरूनच. एकोणिसाव्या शतकांतल्या तहांत या लोकांनीं जमीन दिली, मासेमारीचा हक्क मात्र राखून ठेवला. १९८३ सालीं न्यायालयानें तो हक्क मान्य केला, तेव्हां हौसेनें गळ टाकणाऱ्यांचे जमाव विस्कॉन्सिनच्या धक्क्यांवर जमून त्यांना शिव्या देऊं लागले, दगडहि फेंकले गेले. मिनेसोटांतल्या मिल लॅक्स सरोवराचा तंटा तर १९९९ सालीं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १८३७ च्या तहांतला शब्द अजून जिवंत आहे असा तेथें निकाल झाला. एकाच्या पोटाचा विषय दुसऱ्याच्या हौसेचा झाला म्हणजे असे प्रसंग येतात. खेळाचें कौतुक ऐकण्यापूर्वी हें कानावर असलेलें बरें.

कौतुक मात्र अपार आहे. मिनेसोटानें १९६५ सालीं वॉलआयला आपल्या राज्याचा मासा ठरविलें. तेथें मे महिन्यांत मासेमारीचा हंगाम उघडतो, त्या वेळीं स्वतः राज्यपाल गळ घेऊन पाण्यावर जातात, आणि ही प्रथा १९४८ पासून चालत आली आहे. ओहायोंतल्या पोर्ट क्लिंटन गांवीं तर नववर्षाच्या मध्यरात्रीं वीस फूट लांबीचा कृत्रिम वॉलआय दोरानें वरून खालीं उतरवितात आणि खालीं जमलेला समाज जयघोष करतो. या सगळ्याचें एक कारण अगदीं घरगुती आहे. हा मासा चवीला सौम्य आणि त्यांत कांटे थोडे. कांट्यांचा ज्यांना कंटाळा, अशा लोकांत त्याची कीर्ति व्हावी यांत नवल नाहीं.

ईरी सरोवरांत हा मासा आज विपुल आहे, पण एके काळीं तो हातचा जाण्याच्या बेतांत होता. १९६९ सालीं क्लीव्हलंडजवळ सरोवराला मिळणाऱ्या कायाहोगा नदीच्या पृष्ठावरचें तेल पेटलें. १९७० सालीं माशांत पारा सांपडल्यामुळें वॉलआयचा धंदा बंद करावा लागला. त्याचाच जवळचा एक निळसर भाऊबंद, ज्याचे लाखों पौंड एकेकाळीं बाजारांत येत, तो १९८३ सालीं नष्ट झाल्याचें जाहीर झालें. वॉलआय वांचला. १९७२ सालीं अमेरिका व कॅनडा यांनीं सरोवरांच्या पाण्याविषयीं करार केला, पकडीवर मर्यादा आल्या, आणि पुढें २००३, २०१५, २०१८ अशा कांहीं वर्षीं पिलांचें पीक असें आलें कीं त्याच्यावर आज सगळे चैन करीत आहेत.

आतां सामन्यांकडे येतों. दोन मित्रांनीं कोण मोठा मासा पकडतो यावर पैज लावणें ही गोष्ट आदमच्या काळाची असेल. परंतु प्रवेशशुल्क, नियमावली, पुरस्कर्त्यांचीं नांवें मिरविणारे अंगरखे आणि वर्षभर गांवोगांव फिरणारी मालिका असें धंद्याचें स्वरूप वॉलआयच्या सामन्यांना गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत आलें. व्यावसायिकांची एक मोठी मालिका १९८९ सालीं सुरू झाली आणि सुमारें वीस वर्षें चालून बंद पडली; २०१३ पासून 'नॅशनल वॉलआय टूर' ही मालिका चालते. केवळ बक्षिसांवर संसार चालविणारे यांत फार थोडे. बहुतेक जण वर्षांतले उरलेले दिवस भाड्यानें लोकांना मासेमारीला नेतात, किंवा होड्यांच्या आणि गळांच्या कंपन्यांचे जाहिरातदार होतात. होडीची किंमत ऐकून मीं टपालवाल्यांना विचारलें कीं इतक्यांत आमच्या गांवीं घर येईल. ते म्हणाले, आमच्याहि गांवीं येईल, पण घर पाण्यावर चालत नाहीं.

सामन्याच्या आदल्या दिवशीं त्यांनीं मला होडींत घेतलें. प्रत्यक्ष सामन्यांत परक्याला बसूं देत नाहींत. तो दिवस नुसत्या चाचपणीचा होता. मीं समजलों होतों, गळ टाकावा आणि देवाचें नांव घ्यावें. येथें पाहतों तों होडींत पडदे लावलेले, आणि त्यांवर पाण्याखालची जमीन, खडक आणि मासे कमानीसारख्या रेघांनीं उमटत होते. या यंत्राला ते 'सोनार' म्हणतात. नांव ऐकून मला हंसूं आलें. आमचा सोनार ठोके देऊन दागिना घडवितो, हा पाण्यांत आवाजाचे ठोके देतो आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून खोली व मासे ओळखतो. होडीच्या दोन्ही बाजूंना दोरीनें बांधलेल्या लहान फळ्या सोडल्या होत्या. होडी पुढें जाते तशा त्या पतंगासारख्या बाजूला पळतात आणि गळांच्या दोऱ्या दूर दूर पसरून ठेवतात, म्हणजे होडीच्या घरघरीनें भ्यालेला मासाहि दूरच्या एखाद्या गळाला लागतो. आमिष म्हणून कधीं लांकडाचा किंवा प्लॅस्टिकचा रंगीत मासा, कधीं जळू, कधीं जाडजूड गांडूळ. जळू पाहून माझ्या कन्येनें दुसऱ्या दिवशीं येण्याचें नाकारलें.

या सर्व साहित्यांत मला अत्यंत महत्त्वाची वस्तु दिसली ती शिसें. शिशाच्या लहान डोक्याला गळ जोडून तो तळाशीं उड्या मारीत ओढतात, ही वॉलआय पकडण्याची जुनी आणि आजहि चालू असलेली रीत. दुसरी रीत मिनेसोटांतल्या ब्रेनर्ड गावच्या लिंडनर बंधूंनीं १९६८ च्या सुमारास लोकप्रिय केली. तींत शिशाचें वजन दोरीवर मोकळें सरकतें. वॉलआय संशयी आहे; आमिष तोंडांत धरून तो क्षणभर चालूं लागतो, आणि तेवढ्यांत त्याला ओझें जाणवलें तर थुंकून टाकतो. वजन सरकतें असल्यामुळें त्याला ओझें कळत नाहीं. टपालवाल्यांनीं ती दोरी माझ्या बोटांत दिली आणि म्हणाले, खेंच लागली असें वाटलें तर उशीर झाला. खेंच थांबली असें वाटलें पाहिजे. तीन तासांत मला तें एकदांहि वाटलें नाहीं. त्यांना चार वेळां वाटलें.

एवढी विद्या, एवढा खर्च, आणि निकाल लागतो तो शेवटीं धक्क्यावरच्या एका कांट्यावर. संध्याकाळीं ठरलेल्या वेळेच्या आंत होडी परतली पाहिजे; उशीर झाला तर दंड. बहुतेक ठिकाणीं पांच माशांचें एकूण वजन मोजतात, आणि पौंडाच्या शतांश भागावर बक्षिसें इकडचीं तिकडे होतात. पाण्यावर काय झालें हें कोणी पाहिलेलें नसतें. सरोवर इतकें मोठें कीं पलीकडचा किनारा दिसत नाहीं, आणि शंभर होड्या शंभर दिशांना गेलेल्या. म्हणून मोठ्या मालिकेंत प्रत्येक व्यावसायिकाच्या होडींत चिठ्ठी टाकून एक अनोळखी हौशी मनुष्य बसवितात आणि तो रोज बदलतात. तो शिकतोहि आणि साक्षीहि राहतो. जेथें दोन ओळखीचे मिळून एक जोडी होते, तेथें साक्षी देव.

वजनाचा वाद या माशाच्या मागें फार दिवसांपासून आहे. जगांतला सर्वांत मोठा वॉलआय म्हणून १९६० सालीं टेनेसी राज्यांतल्या ओल्ड हिकरी सरोवरांत पकडलेल्या २५ पौंडांच्या माशाची नोंद आहे. परंतु १९९६ सालीं दुसऱ्या एका नोंद ठेवणाऱ्या संस्थेनें ती अमान्य केली आणि १९८२ सालीं आर्कान्सामध्यें मिळालेल्या २२ पौंड ११ औंसांच्या माशाला पहिला मान दिला. आजहि दोन वह्यांत दोन मासे पहिले आहेत.

यापेक्षां फार वाईट गोष्ट घडली ती ३० सप्टेंबर २०२२ रोजीं, क्लीव्हलंडच्या किनाऱ्यावर. आपल्यापैकीं कित्येकांनीं तिचें चलच्चित्र पाहिलें असेल. तें जगभर फिरलें. ईरी सरोवरावरच्या एका मालिकेचा तो अंतिम सामना होता. एका जोडीनें पांच मासे कांट्यावर ठेवले, आणि वजन भरलें ३३.९१ पौंड. बक्षीस अठ्ठावीस हजार डॉलरांहून अधिक. सामन्याचे संचालक मात्र माशांकडे पाहतच राहिले. त्या लांबीचा मासा चार पौंडांच्या आसपास भरावा, आणि येथें एकेक सरासरीनें पावणेसात पौंडांच्या घरांत जात होता. त्यांनीं माशाचें पोट चाचपलें, आंत कांहीं टणक लागलें, आणि त्यांनीं सर्वांसमक्ष सुरी चालविली. आंतून शिशाचे गोळे निघाले; शिवाय दुसऱ्या वॉलआयच्या मांसाचे तुकडे कोंबलेले निघाले. एकूण गोळे दहा, त्यांतले आठ बारा बारा औंसांचे आणि दोन आठ आठ औंसांचे. तोंडी गणित आहे. शहाण्णव आणि सोळा मिळून एकशें बारा औंस, म्हणजे बरोबर सात पौंड. जें शिसें माशाच्या तोंडांत असलें तर कौशल्य, तें पोटांत गेलें कीं गुन्हा! आपल्याकडे 'मापांत पाप' म्हणतात तें मीं आजवर वाण्याच्या दुकानापुरतें समजत होतों.

त्या क्षणीं जमाव असा खवळला कीं त्या इसमाच्या अंगावर हात पडावयाचाच बाकी राहिला. ज्यानें सुरी चालविली त्याच संचालकांनीं मध्यें पडून लोकांना आवरलें आणि त्याला निघून जाण्यास सांगितलें, हा भाग मला त्या चित्रांत सर्वांत मोलाचा वाटतो. पुढें रीतसर खटला झाला. मार्च २०२३ मध्यें दोघांनीं गुन्हा कबूल केला आणि मे महिन्यांत शिक्षा झाली. दहा दिवसांची कैद, दीड वर्ष देखरेख, दंड, तीन वर्षें परवाना बंद आणि होडी जप्त. कित्येकांना ती थोडी वाटली. त्या वर्षीं त्या मालिकेंत आधींहि त्या जोडीनें बक्षिसें मिळविलीं होतीं. तीं प्रामाणिकपणें मिळविलीं कीं नाहीं हें आतां कोणालाच कळावयाचें नाहीं. ते मासे केव्हांच संपले. जे दुसरे आले होते त्यांनीं मनांत काय हिशेब करावा?

येथें आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०२१ सालीं दुसऱ्या एका सामन्यांत याच जोडीला बक्षीस नाकारण्यांत आलें होतें, तें खोटें बोलणें ओळखण्याच्या यंत्रावर त्यांतला एक जण उतरला नाहीं म्हणून. तेथें अनेक सामन्यांच्या नियमांतच या यंत्राची अट असते. विजेत्याला नाडीचे ठोके आणि घाम मोजणाऱ्या तारा बांधतात आणि प्रश्न विचारतात. पुष्कळ जण म्हणतात, पाहा, यंत्रानें आधींच सांगितलें होतें. मला तें म्हणणें पटत नाहीं. यंत्रानें संशय सांगितला, सुरीनें शिसें दाखविलें. या दोहोंत जें अंतर आहे तें मला जरा महाग पडून समजलें आहे.

तें कसें, हें मीं प्रथम टपालवाल्यांनाच सांगितलें. सामन्याच्या संध्याकाळीं मी धक्क्यावर उभा होतों. ते आणि त्यांचे जांवई पांच चांगले मासे घेऊन आले. वजन करणाऱ्यानें मासे कांट्यावर ठेवण्यापूर्वी एकेकाचें पोट घशापासून शेपटीकडे दोन्ही अंगठ्यांनीं दाबून पाहिलें, आणि मग धातू ओळखणारें यंत्र वरून फिरविलें. २०२२ पासून कांहीं ठिकाणीं ही रीतच झाली आहे. सर्वांचेच मासे असे पाहत होते, त्यांत अपमानाचें कांहीं नव्हतें. तरी टपालवाले तेवढा वेळ पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. त्यांना सातवा क्रमांक मिळाला. बक्षिसें पांचांपर्यंतच होतीं.

परततांना गाडींत ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, तीस वर्षें मीं दुसऱ्यांचीं पत्रें आणि मनिऑर्डरी वाहिल्या. माझी पिशवी कधीं कोणी उघडून पाहिली नाहीं.

तेव्हां मीं त्यांना माझ्या वर्गांतल्या एका मुलाची हकीकत सांगितली. गणितांत त्याला नेहमीं तीसपस्तीस गुण पडत. एका सहामाहींत त्याला अठ्ठ्याहत्तर पडले. मीं उत्तरपत्रिका दोनदां पाहिली, शेजारच्या मुलांच्या पत्रिकांशीं ताडून पाहिली. कोठेंहि नक्कल दिसली नाहीं. पण तीसपस्तीसाचा मुलगा अठ्ठ्याहत्तरांचा होत नसतो हें मला पक्कें ठाऊक होतें. मीं त्याला वर्गासमोर उभें केलें आणि विचारलें, कोणाचें पाहिलेंस? तो कांहीं बोलला नाहीं. त्या न बोलण्यालाच मीं कबुली समजलों, आणि त्याचे गुण कापून पस्तीस केले. तो मुलगा तिमाही संपण्यापूर्वीच आमची शाळा सोडून मामाच्या गांवीं गेला. पुढें त्याच्या वडिलांकडून कळलें कीं मुंबईच्या गिरणींतला त्याचा चुलता आजारपणाच्या रजेवर दोन महिने घरीं होता आणि रोज रात्रीं कंदिलापाशीं त्याच्याकडून उदाहरणें सोडवून घेत होता. फळ्यापाशीं बोलावून एक उदाहरण घातलें असतें तर पांच मिनिटांत उलगडा झाला असता. तेवढी सुरी माझ्या हातांत होती. मीं ती वापरली नाहीं, कारण मला वजनावरूनच सगळें कळलें होतें.

टपालवाल्यांनीं गाडी त्यांच्या दारांत उभी केली, पण ते उतरले नाहींत. त्यांनीं विचारलें, तो मुलगा पुन्हां कधीं भेटला का?

मीं म्हटलें, एकदांच. पुष्कळ वर्षांनीं, एस. टी. च्या थांब्यावर. त्यानेंच मला ओळखलें, वांकून नमस्कार केला आणि माझी पिशवी गाडींत चढवून दिली. मला जें बोलावयाचें होतें त्याची मी मनांत जुळणी करीत होतों, तेवढ्यांत वाहकानें घंटा दिली.

ते थोडा वेळ गप्प बसले. मग खालीं उतरून त्यांनीं मागची टाकी उघडली आणि त्या पांचांतले दोन मासे कागदांत गुंडाळून माझ्या कन्येसाठीं माझ्या हातीं दिले. तिनें ते त्याच रात्रीं आमसुलें आणि नारळ घालून केले.